विमलबाई बाजूला बसतात

"स्त्रीच्या अंतःकरणाचा थांग समुद्राला लागला नाही, आकाशाला लागला नाही, प्रत्यक्ष ब्रह्मदेवाला लागला नाही!" पाटावर बसल्या बसल्या व्यंकटराव जोशी उजवा हात उंच करून गरजले... आणि मग तोच हात खाली आणून पाटाभोवती चाचपत म्हणाले, "अगं विमल, माझा चष्मा कुठाय?"

"कपाळावर," मागच्या दारातून आवाज आला.

मागच्या दारातून, कारण विमलबाई अलीकडे तिथेच जेवत. न्हाणीच्या भिंतीला टेकून, गोणपाटावर, समोर स्वतःचं वेगळं ताट आणि वेगळा तांब्या घेऊन. एके काळी महिन्यातले चार दिवस बाजूला बसत, तशाच! फरक एवढाच होता की विमलबाईंना सत्तावन्नावं लागलं होतं, पाळी जाऊन वर्षं लोटली होती, आणि या वयात बाजूला बसण्याचं कारण व्यंकटरावांना पंचांगातही सापडलं नव्हतं. ते सापडलं नाही म्हणून त्यांनी ते पुढे शोधलंही नाही. ते पूर्णेच्या दत्तमंदिराचे पुजारी. संध्याकाळी तिथेच पुराण सांगत. बायकांच्या मनाविषयी त्यांना इतकं काही सांगायचं असे, की विचारायला वेळ उरत नसे.

सून भाताचं भांडं घेऊन मागच्या दारात आली. तिला सातवा महिना लागला होता. दोन पायऱ्या उतरतानाही ती भिंतीला हात लावी.

"तिथूनच वाढ, अबोली. जवळ येऊ नकोस."

"आई, तिथून वाढलं तर सांडतंय."

"सांडू दे. शिवू नकोस मला."

अबोलीचा हात जागच्या जागी थांबला. मग तिने डाव उलटा केला. अर्धा भात ताटात पडला, अर्धा गोणपाटावर. ती वळली आणि ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "देवाला माझ्या हातचं चालतंय. आईलाच चालंना गेलंय."

ते शब्द विमलबाईंच्या काळजात असे रुतले, की हातातला घास हातातच राहिला! उठावं, या पोरीला पोटाशी धरावं, तिच्या केसांवरून हात फिरवून सांगावं, अगं वेडे, तुझ्या हातचं विषसुद्धा मी... पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी गोणपाटावरची शितं एकेक करून वेचली आणि डोळ्यांतलं पाणी आमटीत पडू दिलं. आमटीला मीठ कमीच होतं.

अबोलीचा गैरसमज काही हवेतून आलेला नव्हता. ती झरीच्या आबासाहेबांची लेक, शेतकऱ्याच्या घरातली, दुसऱ्या जातीतली. सारंगने "करीन तर हिच्याशीच" म्हटलं तेव्हा व्यंकटरावांनी आमरण अन्नत्याग केला होता. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, साबुदाण्याची खिचडी झाल्यावर, त्यांनी थोर मनाने मागे घेतला. पण त्या घरात पाय रोवून उभ्या राहिल्या होत्या त्या विमलबाई. "ती या घरात येईल, नाहीतर मी या घरातून जाईन," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. लग्नानंतर नैवेद्याचा स्वयंपाक त्यांनी स्वतः सुनेच्या हातात दिला होता. आणि आता त्याच विमलबाई सुनेच्या सावलीपासून अंग चोरत होत्या, आपलं लुगडं तिला धुवू देत नव्हत्या, आपल्या तांब्याला तिला हात लावू देत नव्हत्या! पोरीने दुसरं काय समजावं?

खरं कारण विमलबाईंच्या अंगाला ठाऊक होतं आणि त्यांना. तिसऱ्या कुणाला सांगावं असं ते नव्हतंच.

पावसाळ्याच्या सुमारास त्यांच्या अंगावरून पांढरं जायला लागलं. आधी थोडं, मग दह्याच्या कवड्यांसारखं; आणि खाज तर अशी, की देवापुढे हात जोडून उभं राहणं मुश्किल व्हावं! पाळी बंद झालेल्या बाईला हे कुठून? ज्या दिवशी पहिल्यांदा कपड्यावर डाग दिसला त्या दिवशी विमलबाईंच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला... सुमनचा.

सुमनबाई त्यांची थोरली बहीण, पिंगळीला दिलेली. तिलाही असंच जायचं. आधी पांढरं, मग पिवळट, मग वास... आणि मग पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त! घरात कुणी विचारलं तर ती म्हणायची, उष्णता झालीय. पायांत उभं राहण्याचं बळ उरलं नाही तेव्हा तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. डॉक्टरांनी खूप काही सांगितलं असेल, पण विमलबाईंना आठवतो तो एकच प्रश्न, "बाई, इतके दिवस काय केलंत?" आणि खाटेवरून आलेलं सुमनचं उत्तर, "लाज वाटली."

त्या दोन शब्दांवर सुमन गेली. आणि आज धाकट्या बहिणीलाही तेच दोन शब्द पुरत होते.

अगदीच कुणाला विचारलं नाही असं नव्हे. शेजारी नर्मदाबाई होत्या. त्यांना कुठल्याही रोगाचं निदान भिंतीच्या पलीकडून करता येई. विमलबाईंनी एकदा वाल सोलता सोलता विषय काढला. "माझ्या माहेरच्या एकीला पांढरं जायलंय म्हणे."

"अगं बया! मग संपलंच की, वहिनी," नर्मदाबाई म्हणाल्या. "ते हाडाचं पाणी असतंय. हाडं विरघळायलेत तिचे."

"हाडं?"

"तर! माझ्या भाचीचं हेच झालं. कुणा डॉक्टरनं सांगितलं, पिशवी काढा न्हाईतर कॅन्सर. काढली पिशवी. वय काय, तर तिशी बी न्हाई."

"मग बरी झाली?"

"पिशवी गेली. पांढरं जायचं ते जायलंयच. वरून कंबर गेली." नर्मदाबाईंनी वालाचं टरफल फेकलं आणि भिंतीवरून नीट वाकून पाहिलं. "त्या माहेरच्या एकीला म्हणावं, तुरटीच्या पाण्यानं धू. आन् वहिनी... लय वाळली म्हणावं ती."

त्या दिवसापासून विमलबाई सकाळी उठल्या की देवाचं नाव घेण्याआधी स्वतःचं कोपर चाचपून पाहत. कोपर जागेवर असे. मग गुडघे. तेही असत. पण त्याने भीती कमी होईना. हाडं आतून विरघळत असतील तर बाहेरून काय कळणार?

आणि पुरावे तर रोज वाढत होते! हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सहज जात. घशाला अशी कोरड पडे की तांब्यामागून तांब्या रिकामा होई, आणि तितक्याच वेळा न्हाणीकडे धाव. चार पावलं चाललं की पाय गळत. कर्करोग माणसाला आतून खातो म्हणतात. हा तर खाऊन वर पाणीही पीत होता! भाकरीवरची वासना उडाली होती. तेवढा देवाचा प्रसाद काय तो घशाखाली उतरे. रोजचा शिरा, पंचामृत, गुरुवारचे पेढे... प्रसाद टाकायचा नाही, शिळा ठेवायचा नाही, कुत्र्यामांजराच्या तोंडी लागू द्यायचा नाही, हा जोशींच्या घराचा जुना नेम. आणि उरलेला संपवायचं काम लग्न झाल्यापासून विमलबाईंकडे होतं. आता त्या तो दुरूनच ओंजळीत टाकायला लावत, पण नाही म्हणत नसत. मरणाच्या दारात उभं राहून देवाला नाही कोण म्हणेल?

धुण्याचा नेम मात्र त्यांनी कडक केला. सकाळी तुरटीचं पाणी, दुपारी साबण, आणि संध्याकाळी फरशी पुसायच्या जंतुनाशकाचं एक झाकण बादलीत. आग आग होई! त्या दात आवळून सोसत आणि मनात म्हणत, जळू दे, काय पाप असेल ते जळू दे... दुसऱ्या दिवशी खाज दुप्पट होई. मग त्या झाकण दोन करत.

सांगायचं मात्र नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पोरगी दोन जिवांची. अशा वेळी घरात कर्करोगाचं नाव काढायचं? सारंग शाळामास्तर, कसल्याही गोष्टीने घाबरणारा. नोकरी सोडून मला घेऊन गावोगावच्या दवाखान्यांतून फिरेल... आणि सगळ्यात मोठं भय दुसरंच होतं, इतकं मोठं की त्या ते मनातसुद्धा पुरतं उच्चारत नसत. हे लागत असेल तर? माझ्या हातून तिला, तिच्यातून त्या इवल्या जिवाला? लागत नसेलही. पण कुणाला विचारणार? म्हणून त्या बाजूला बसल्या. बाळाचं तोंड दुरून बघू, आणि मग डोळे मिटू... सुनेने वाईट समजलं तर समजू दे. वाईट सासू मेली की घराला तेवढंच कमी दुःख!

हा शेवटचा विचार त्यांना फार आवडला होता. तो मनात आला की त्यांना हमखास रडू येई.

पुढच्या आठवड्यात आबासाहेब लेकीला बाळंतपणासाठी न्यायला जीप घेऊन झरीहून आले. धिप्पाड माणूस, बोलले तर अंगणातल्या कबुतरांना वाटे, आपल्यालाच हाकललं.

"राम राम, व्याही! हाय का बरं?"

"देह आहे तोवर बरं-वाईट चालायचंच," व्यंकटराव म्हणाले. "कन्या माहेरी निघते तो क्षण म्हणजे..."

"हां, हां. ते वाटंत सांगा. तुमी बी चला ना पोचवायला! पोरीची पिशवी भरली का?"

पिशवी भरली होती, जरा जास्तच. हिवाळ्याचे कपडे, शाळेची प्रमाणपत्रं, लग्नातल्या साड्या. बाळंतपणाला जाताना कुणी शाळेची प्रमाणपत्रं नेत नाही. विमलबाईंनी मागच्या दारातून ते पाहिलं, आणि त्यांना कळलं... ही परत यायची नाही!

बरंच झालं, त्या स्वतःशी म्हणाल्या. माझ्यापासून लांब राहील. बाळ सुखरूप राहील. आणि हे म्हणता म्हणता त्यांनी उंबऱ्याचा आधार घेतला.

पुढे ओट्यावर चहा चालला होता. अबोली मागच्या अंगणात आली. डोळे सुजलेले, पण मान ताठ. "जाते, आई," म्हणाली आणि पोट सावरत वाकली.

"पाया पडू नकोस!" विमलबाई सापावर पाय पडावा तशा मागे सरल्या. "सांगितलं ना, शिवू नकोस!"

बस्स. इतके महिने दाबून धरलेलं एका क्षणात फुटलं.

"शिवत न्हाई!" अबोली म्हणाली. "आज बी न्हाई आन् पुन्हा बी न्हाई! कुणब्याची म्हणून इतकाच विटाळ होता तर आणलं कामून मला? मामंजी उपाशी बसले तवा तुमी माझ्या बाजूनं उभ्या होता, आई. मी माझ्या आईला सांगितलं होतं, मला दुसरी आई मिळाली म्हणून... आन् तुमी मला कुत्र्यासारखं दुरून... हे लेकरू झाल्यावर त्याला बी दुरूनच टाकणार का भात?"

"अबोली!"

"काय अबोली? सांगा ना! माझा विटाळ सांगा तरी कसला हाय!"

"तुझा नाही गं!" विमलबाईंच्या तोंडून शब्द नुसते निघाले नाहीत, रक्त निघाल्यासारखे ते बाहेर पडले. "तुझा कसला विटाळ, माझे बाई... विटाळ माझा आहे! माझ्या अंगावरून जातं... पांढरं. सुमनला झालं तेच झालंय मला. मी मरायलेय, अबोली... तुला लागू नये, बाळाला लागू नये म्हणून..."

त्या तिथेच मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडू लागल्या, कारण ओट्यावर पुरुष होते आणि रडण्यापेक्षा ऐकू जाण्याचं भय मोठं होतं.

अबोलीही सावकाश, पोटाला हात लावून, त्यांच्यासमोर बसली.

"आई... पांढरं तर मला बी जातंय."

"अरे देवा!" विमलबाईंनी कपाळावर हात मारला. "लागलं! लागलंच शेवटी!"

"लागलं न्हाई ओ! ऐका तरी. पोटुशी असल्यावर जातंच. मला बी लय भ्या वाटलं होतं. रडत रडत डॉक्टर बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, पातळ असंल, वास नसंल, खाज नसंल तर अंगाचं ते नेहमीचं काम हाय. पण हे सगळ्यांचं सारखं नसतंय म्हणे. तुमचं कसं हाय? खाज हाय?"

विमलबाईंनी होकारार्थी मान हलवली. लेकीच्या वयाच्या सुनेसमोर! जमीन दुभंगेल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण अंगणात फरशी बसवलेली होती.

"वास? रक्त गेलं का कधी?"

"रक्त नाही. अजून नाही."

"मग उठा. झरीला परभणीवरूनच जावं लागतंय. आधी दवाखाना."

"आणि या दोघांना काय सांगायचं?"

"माझी तपासणी हाय म्हणायचं. बाळाचं नाव घेतलं की पुरुष पुढचं विचारत न्हाईत."

आणि खरंच, कुणी विचारलं नाही. जीपमध्ये पुढे दोन्ही व्याही बसले. व्यंकटराव मातृत्वाच्या महतीवर बोलू लागले, आणि आबासाहेबांनी अधूनमधून हॉर्न वाजवून सहमती दर्शवली. मागे विमलबाई खिडकीला चिकटून बसल्या होत्या, अबोलीपासून जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब. पिंगळीच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली. न्हाणीची धाव वाटेतही सुटत नव्हती. बाभळीच्या आडोशाहून परत येताना समोर सुमनच्या गावाची पाटी दिसली. त्यांचे पाय तिथेच रुतले.

"अबोली, परत जाऊ गं. मला नाही ऐकायचं. नाव घेतलं की तो रोग खरा होतो."

"आन् न्हाई घेतलं तर?"

विमलबाई पाटीकडे बघत राहिल्या. मग जीपमध्ये चढल्या.

डॉक्टर राजेश्री अबोलीच्याच डॉक्टर. पन्नाशीच्या, आवाजाने खणखणीत. अबोलीने "माझं न्हाई, ह्यांचं" म्हणताच त्यांनी खुर्ची विमलबाईंकडे वळवली आणि प्रश्न सुरू केले. कधीपासून? रंग कसा? दह्यासारखं की पाण्यासारखं? लघवीला जळजळ? ओटीपोटात दुखणं? पूर्वी कधी तांबी बसवली होती का, बसवली तर काढली का? प्रत्येक प्रश्नाला विमलबाई टेबलावरच्या पेपरवेटला उत्तर देत होत्या.

"मिस्टरांशी संबंध येतो का?"

विमलबाईंनी बराच वेळ विचार केला. "ते पुराण सांगतात," त्या शेवटी म्हणाल्या.

डॉक्टरांनी "नाही" असं लिहून घेतलं. "धुता कशानं?"

विमलबाईंनी तुरटीपासून दुसऱ्या झाकणापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्ही अंग धुता का संडास? अहो, ती जागा आतून स्वतःची स्वतः साफ होते. बाहेरून साधं पाणी पुरे. एवढं केलंत तर चांगलं अंगसुद्धा सोलून निघेल."

मग पडद्याआड, टेबलावर. विमलबाईंनी डोळे घट्ट मिटले. याच टेबलासारख्या टेबलावर सुमनला झोपवलं होतं... आता डॉक्टर गप्प होतील. मग नर्सला आत बोलावतील. मग हळू आवाजात म्हणतील, बाई, इतके दिवस काय केलंत? छातीत काळीज असं धडधडत होतं, की पत्र्याचं स्टूल हलतंय असं वाटावं! आणि तेवढ्यात त्यांच्या मुठीत एक गरम, घामेजलेला हात शिरला.

"शिवू नकोस..." सवयीने त्या पुटपुटल्या.

"गप बसा, आई," अबोली म्हणाली, आणि हात आणखी घट्ट धरला.

कितीतरी दिवसांनी त्यांना माणसाचा स्पर्श झाला होता. तपासणीत काय दुखलं ते त्यांना नंतर आठवलं नाही. त्या हाताची बोटं तेवढी आठवली.

डॉक्टरांनी चिमट्यासारख्या उपकरणाने आत नीट पाहिलं, कापसाच्या काडीवर थोडं पांढरं घेतलं, रंग बदलणाऱ्या कागदाला लावून पाहिलं, थोडं काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला धाडलं. गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना वेगळा घेतला. सोनोग्राफी झाली. मग बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब, आणि छोट्या यंत्रावर आकडा उमटला. तो बघून डॉक्टर गप्प झाल्या.

विमलबाईंचं जगणं त्या शांततेत थांबलं. "कर्करोग आहे ना?" त्या म्हणाल्या. "खरं सांगा. सुनेचं बाळंतपण होईपर्यंत तरी..."

"साखर आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"काय?"

"मधुमेह. आणि चांगलाच वाढलेला. तहान, सारखी लघवी, वजन उतरणं, सगळं त्याचंच. साखर वाढली की अंगात बुरशी माजते. हे दही, ही खाज त्या बुरशीची. काचेवर दिसलीच. त्यात तुम्ही तुरटी ओतत होता. गोड किती खाता?"

"गोड?" विमलबाई दुखावल्या. "मी गोड खातच नाही. प्रसाद असतो तेवढाच."

"प्रसाद किती?"

अबोलीने दोन्ही हात एकमेकांपासून लांब नेत नेत दाखवायला सुरुवात केली. ते हात बरेच लांब गेले.

"पण... माझ्या बहिणीला..."

डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "बहिणीला झालं ते मी हसण्यावारी नेणार नाही. अंगावरून जाण्याची कारणं पुष्कळ असतात, काकू. जंतूंचं असतं, नवऱ्याकडून आलेलं असतं, वयानं अंग कोरडं पडल्याचं असतं. आणि कधी कधी त्या रोगाचंही असतं, म्हणून तर बघायचं! तुमच्या पिशवीचं अस्तर पातळ आहे, तोंडाशी डोळ्यांना वाईट काही दिसत नाही. तरी नमुना पाठवलाय. पक्कं तो आल्यावर सांगेन. पिशवीला हात लावायचं काही कारण नाही, कुणी काही सांगू दे. पण रक्ताचा एक ठिपका दिसला तरी त्याच दिवशी इथं यायचं. लाज घरी ठेवून."

"आणि... लागत तर नाही ना हे? बाळाला?"

"सुनेच्या ताटात जेवलात तरी नाही."

अबोली झरीला गेली नाही. "नमुन्याचं कळूद्या, मग जाईन," असं तिने बापाला जीपमध्येच सांगितलं, आणि का ते पूर्णेला पोचल्यावर सारंगला सांगितलं. सारंगने ते, कान लाल करून, निम्मे शब्द गिळून, वडिलांना सांगितलं.

त्या संध्याकाळी मंदिरात पुराण झालं नाही. प्रकृती बरी नाही, असं लोकांना कळवलं गेलं. कुणाची ते कळवलं नाही. व्यंकटराव मागच्या अंगणात आले. विमलबाई सवयीने गोणपाटावरच बसल्या होत्या. ते बाजूला, फरशीवर, धोतर न सावरता बसले. हात वर करायला गेले, पण तो अर्ध्यातूनच खाली आला.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तुम्ही विचारलंत का कधी, मी इथं कामून बसायले? नर्मदाबाईंनी भिंतीवरून बघून ओळखलं."

"मला वाटलं, रुसलीस," ते म्हणाले. "इतकी वर्षं लोकांना बायकांचं मन सांगतोय, विमल... आणि शेजारच्या नर्मदाबाईंना कळलं ते मला कळलं नाही." त्यांनी विमलबाईंचं ताट ओढून घेतलं आणि त्यातली उरलेली भाकरी मुकाट्याने खाऊ लागले. कुठलाही श्लोक न म्हणता! त्या एका गोष्टीने विमलबाईंना जेवढं रडू आलं, तेवढं कर्करोगाच्या भयानेही आलं नव्हतं.

पण भय संपलं नव्हतं. नमुना यायचा होता. औषधाच्या गोळ्यांनी खाज ओसरली, साखरेच्या औषधाने तहान उतरली, आणि तरी फोन वाजला की विमलबाई भिंत धरत. सुधारणा होते ती दिव्याची शेवटची ज्योत मोठी होते तशी तर नव्हे? सुमनही मध्ये एकदा बरी वाटली होती... अबोली रोज त्यांच्याच ताटात जेवायची, जवळ, गोणपाटावर. आणि विमलबाई घास घेता घेता मनात म्हणायच्या, देवा, एवढं दाखवून आता काढून नको घेऊस!

फोन आला तेव्हा त्या दोघी मागच्या पायरीवर बसून गवार मोडत होत्या. अबोलीने नाव बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "हां, बाई... हां... हां..." ती नुसतं हां म्हणत राहिली. विमलबाईंच्या हातातली शेंग मोडता मोडता थांबली. त्यांना अंगण दिसेना, भिंत दिसेना. दिसत होते फक्त अबोलीचे ओठ.

"न्हाई," अबोली म्हणाली. फोन मांडीवर पडला. "आई... न्हाई! काही न्हाई त्यात! चांगलं आलं! बाई म्हणाल्या, साखर सांभाळा आन् नमुना पुन्हा कधी द्यायचा ते पुढच्या खेपेला सांगते, बस्स!"

विमलबाईंच्या तोंडून हुंदका फुटला तो असा, की व्यंकटराव पुढच्या ओट्यावरून अनवाणी धावत आले आणि सारंग न्हाणीतून डोक्यावर साबण घेऊन! अबोलीने सासूच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. दोघी एकमेकींत अशा मिसळल्या, की कुणाचे अश्रू कुणाच्या गालावर ते कळेना. "मला माफ करा, आई," अबोली म्हणत होती, "मी तुम्हांला काय काय बोलले..." "मीच करंटी गं," विमलबाई म्हणत होत्या, "मी माझ्या लेकीला दुरून भात वाढायला लावला..." व्यंकटरावांनी दाराच्या चौकटीला कपाळ टेकलं होतं. सारंगच्या डोळ्यांत साबण गेला होता, पण तो त्यासाठी रडत नव्हता.

"अबोली," हुंदके आवरत विमलबाई म्हणाल्या.

"बोला, आई. काय पाहिजे ते मागा. माझा जीव मागा!"

"जीव राहू दे. जरा उठतीस का? माझ्या पदरावर बसलीयस."